हास्याचा अधिकार : ग्रीक सुखात्मिकेची कुळकथा

स्नेहसंमेलनातील शेलापागोट्यांचा कार्यक्रम ज्यांनी पाहिला आहे, त्यांना एक गोष्ट निराळी सांगावयास नको. एरवी ज्यांची पावले वाजताच वर्ग चिडीचूप होतो, त्या मुख्याध्यापकांनाही त्या एका संध्याकाळी भर सभेत आपले शेलापागोटे स्वीकारावे लागते; आणि ते हसत हसत स्वीकारतात म्हणूनच कार्यक्रमाला रंग चढतो. तीच चेष्टा दुसऱ्या दिवशी कोणी वर्गात केली, तर मात्र परिणाम वेगळा होतो. म्हणजे थोरांची थट्टा करण्याचा एक दिवस असतो, एक स्थळ असते आणि त्या दिवसापुरती सर्वांची मूक संमती असते.

विद्यार्थिमित्रहो, अशाच एका संमतीतून युरोपातील विनोदी नाटकाचा जन्म झाला, असे सांगितले तर तुम्हांस नवल वाटेल. हसणे मनुष्यजातीइतकेच जुने आहे. परंतु लोकांना हसविण्यासाठी कवीने नाटक लिहावे, राज्याने त्याची स्पर्धा भरवावी, परीक्षक नेमावेत आणि विजयी कवींची नावे पुढे दगडावर कोरून ठेवावीत, हे युरोपच्या इतिहासात प्रथम घडले ते ग्रीस देशातील अथेन्स नगरीत. ते कसे घडले आणि त्यासाठी त्या नगरीला कोणते मोल द्यावे लागले, हे या लेखात थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘कॉमेडी’ हा इंग्रजी शब्द ‘कोमोडिया’ या ग्रीक शब्दापासून आला. ‘कोमोस’ म्हणजे सणाच्या दिवशी गात, नाचत, मद्याच्या धुंदीत रस्त्याने हिंडणारी मंडळी. आणि ‘ओडे’ म्हणजे गीत. तेव्हा कोमोडिया म्हणजे हुल्लडबाज मंडळींचे गाणे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. दुसरीही एक व्युत्पत्ती प्राचीन काळी सांगत असत. डोरियन ग्रीकांच्या बोलीत खेड्याला ‘कोमे’ म्हणत. शहराने हाकलून दिलेले नकलाकार खेडोपाडी भटकत, म्हणून त्यांच्या खेळाला हे नाव पडले, असे डोरियन लोकांचे म्हणणे होते. ॲरिस्टॉटल या तत्त्ववेत्त्याने आपल्या काव्यशास्त्रावरील ग्रंथात हा वाद नोंदवून ठेवला आहे. आजच्या विद्वानांस पहिलीच व्युत्पत्ती ग्राह्य वाटते. तरी दुसरीतही एक सत्य दडलेले आहे, ते असे की, सुखात्मिकेचे माहेर राजवाड्यात किंवा पाठशाळेत नसून खेड्यात होते.

त्याच ग्रंथात ॲरिस्टॉटल आणखी एक मार्मिक गोष्ट सांगतो. शोकात्मिकेची वाढ कशी झाली, कोणी त्यात काय भर घातली, हे लोकांना ठाऊक आहे. परंतु सुखात्मिकेचे बालपण कोणाच्याच लक्षात राहिले नाही, कारण आरंभी तिला कोणी गंभीरपणे घेतलेच नाही. घरातील थोरल्या मुलाची जन्मपत्रिका जपून ठेवावी आणि धाकट्याची करावयासही विसरावे, तशातलाच हा प्रकार झाला. म्हणून सुखात्मिकेच्या उगमाचा शोध घेताना आपणांस एखादी नोंद, एखादे चित्र, एखाद्या नाटकातील प्रवेश, असे तुकडे जुळवीत जावे लागते.

त्यांतील सर्वांत बोलका तुकडा म्हणजे ॲरिस्टोफेनीस या कवीच्या ‘अखार्नियन्स’ या नाटकातील एक प्रवेश होय. ग्रीकांचा डायोनायसस नावाचा एक देव होता. द्राक्षवेल, मद्य, झाडांतून उसळणारा रस, माणसाला स्वतःचा विसर पाडणारा उन्माद, या सर्वांचा तो अधिपती. भर हिवाळ्यात, डिसेंबरच्या सुमारास, गावोगाव त्याचा उत्सव होई. या प्रवेशात डिकायोपोलिस नावाचा साधा शेतकरी आपल्या घरापुरता हाच उत्सव करतो. पुढे मुलगी नैवेद्याची टोपली घेऊन चालते. तिच्यामागे नोकर सुफलतेचे प्रतीक असलेला खांब उचलून धरतो. शेवटी शेतकरी स्वतः देवाचे गाणे गात निघतो. आणि बायको घराच्या छपरावरून ही मिरवणूक पाहते. आता ॲरिस्टॉटल काय सांगतो ते पाहा. अशा मिरवणुकीतील गाण्यांचे जे म्होरके असत, त्यांच्यापासून सुखात्मिका निघाली, असे त्याचे मत आहे. म्हणजे अंगणातून निघालेली ही चार माणसांची मिरवणूक हीच पुढे हजारो प्रेक्षकांसमोर उभी राहिलेल्या नाटकाची पहिली पायरी होय.

या मिरवणुकींतून गाण्याबरोबर थट्टाही चाले, आणि तिला धर्माचीच मुभा होती. डायोनायससच्या उत्सवांत गाड्यांवर बसलेले लोक येणाऱ्याजाणाऱ्यांची यथेच्छ टवाळी करीत. ‘गाडीवरचे बोलणे’ हा त्यावरून ग्रीक भाषेत वाक्प्रचारच होऊन बसला. अथेन्सहून एल्युसिस क्षेत्राकडे यात्रा निघे, तेव्हा वाटेतील पुलावर काही लोक तोंड झाकून बसत आणि यात्रेतील प्रतिष्ठित नागरिकांची नावे घेऊन त्यांची रेवडी उडवीत. देवाच्या वाटेवर निघालेल्या मोठ्या माणसाचा अहंकार त्या पुलावर जणू उतरवून घेतला जाई. शिमग्याची सोंगे पाहिलेल्या मराठी वाचकाला हे समजण्यास अडचण पडू नये. दोन्ही प्रथांत काही नाते आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु वर्षातून एखादा दिवस जिभेला मोकळीक द्यावी, ही गरज निरनिराळ्या समाजांना सारखीच वाटली, एवढे मात्र खरे.

दुसरा तुकडा मातीच्या भांड्यांवर सापडतो. अथेन्समध्ये इ. स. पू. सहाव्या शतकात घडविलेली एक सुरई बर्लिनच्या संग्रहालयात आहे. तीवर तीन माणसे घोड्यांची सोंगे घेऊन वाकलेली दिसतात, त्यांच्या पाठीवर शिरस्त्राणे घातलेले स्वार आहेत आणि समोर एक वादक दुहेरी पावा वाजवीत उभा आहे. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील एका भांड्यावर पक्ष्यांचे पंख लावून नाचणारी माणसे आहेत. ही भांडी घडविली गेली, तेव्हा विनोदी नाटकाला राज्याची मान्यता अजून मिळालेली नव्हती. पुढे ज्या नाटकांची नावेच ‘पक्षी’, ‘बेडूक’, ‘गांधीलमाश्या’ अशी ठेवली गेली, त्यांचे पूर्वज आपणांस या भांड्यांवर नाचताना दिसतात.

जेथे जन्माची नोंद नसते, तेथे मूल आपले म्हणून सांगणारे पुष्कळ निघतात. सुखात्मिकेचे तसेच झाले. अथेन्सशेजारच्या मेगारा नगराचे लोक म्हणत, आमच्याकडे लोकशाही होती तेव्हा हा खेळ आम्हीच काढला. अथेन्सकडील परंपरा निराळी होती. पारोस बेटावर इ. स. पू. २६४ च्या सुमारास कोरलेल्या एका प्रसिद्ध शिलालेखात, सुसॅरिऑन नावाच्या माणसाने हा खेळ शोधून काढला आणि इकॅरिया या खेड्यातील लोकांनी तो प्रथम सादर केला, अशी नोंद आहे. पहिले बक्षीस काय होते, हेही तेथे सांगितले आहे : एक टोपली सुके अंजीर आणि एक माप मद्य! तिसरा दावा सिसिली बेटाचा. तेथील सिराक्यूज नगरीत एपिकार्मस हा कवी इ. स. पू. पाचव्या शतकाच्या आरंभी विनोदी नाट्ये लिहीत होता. हेराक्लीससारख्या महापराक्रमी वीराला त्याने खादाड म्हणून रंगमंचावर आणले. सुटे विनोद आणि टवाळी यांना एका कथानकाच्या सूत्रात ओवण्याची कला सिसिलीतून आली आणि अथेन्समध्ये ती क्रेटीस या कवीने प्रथम आत्मसात केली, असे ॲरिस्टॉटल सांगतो.

हे सर्व दावे जमेस धरले, तरी एक श्रेय अथेन्सकडून कोणासही हिरावून घेता येणार नाही. गावच्या हुल्लडीला नगरराज्याची संस्था बनविण्याचे काम अथेन्सने केले. वसंतारंभी, मार्चच्या सुमारास, त्या नगरीत डायोनायससचा महोत्सव भरे. शोकात्मिकांच्या स्पर्धा तेथे इ. स. पू. ५३४ च्या सुमारास सुरू झाल्याचे परंपरा सांगते. सुखात्मिकेला मात्र वाट पाहावी लागली. कितीतरी वर्षे हौशी मंडळी स्वखर्चाने आपले खेळ करीत. अखेर इ. स. पू. ४८६ मध्ये राज्याने विनोदी नाटकांची अधिकृत स्पर्धा सुरू केली. तीत पहिला विजय कायोनिडीस या कवीने मिळविला, असे मानले जाते. पुढे सुमारे इ. स. पू. ४४० पासून लेनाया नावाच्या हिवाळी उत्सवातही अशी स्पर्धा होऊ लागली.

या सालाकडे थोडे लक्ष द्यावे. मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सने इराणच्या सैन्याचा पराभव केला तो इ. स. पू. ४९० मध्ये. त्यानंतर दोनतीन वर्षांतच नको असलेल्या पुढाऱ्याचे नाव खापरीवर लिहून त्याला दहा वर्षे हद्दपार करण्याचा अधिकार तेथील नागरिक वापरू लागले. थोरामोठ्यांना जाब विचारण्याची सवय लोकांच्या अंगी बाणू लागली, त्याच सुमारास त्यांच्यावर हसणाऱ्या नाटकालाही राज्याने आसन दिले. मेगाराच्या लोकांनीही आपल्या दाव्यात लोकशाहीचाच हवाला दिला होता, हे आपण वर पाहिले. हा केवळ योगायोग आहे, असे आम्हांस वाटत नाही.

या स्पर्धेची व्यवस्था मोठी काटेकोर होती. कवीने आर्कन नावाच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा. त्याने मान्यता दिली की, राज्य एखाद्या धनिकास त्या नाटकाच्या गायकवृंदाचा खर्च सोसावयास लावी. आजचा श्रीमंत कर देतो, तसा तेव्हाचा श्रीमंत नाटकाचा वृंद पोसून आपले देणे फेडी. सुखात्मिकेच्या वृंदात चोवीस माणसे असत. नट सर्व पुरुषच. स्त्रियांच्या भूमिकाही तेच करीत. प्रत्येकाच्या तोंडावर मुखवटा, पोटावर आणि पाठीमागे कापडाच्या गाद्या बांधून फुगविलेला, आज आपणांस ग्राम्य वाटेल असा वेश. अक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर प्रेक्षक बसत. तेथील दगडी पायऱ्या पुष्कळ नंतरच्या, आरंभी लाकडी बाकेच होती. निकालासाठी नगरीच्या दहा गणांतून एकेक असे दहा परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडीत आणि त्यांच्या मतांपैकी काहीच मते पुन्हा चिठ्ठीने काढून मोजीत. कोणाला लाच द्यावी हेच लाच देणाऱ्यास कळू नये, अशी ही युक्ती होती.

नाटकाच्या रचनेत दोन भाग फार महत्त्वाचे होते. एक म्हणजे दोन पक्षांचा खडाजंगी वाद. त्याला ‘अगॉन’ म्हणत. दुसरा ‘पॅराबॅसिस’, म्हणजे पुढे येणे. नाटक मध्यावर आले की, नट आत जात आणि वृंद थेट प्रेक्षकांसमोर पुढे येई. आता बेडूक हे बेडूक राहत नसत आणि ढग ढग राहत नसत. कवीच्या वतीने ते नागरिकांशी उघड बोलत : तुमचा अमुक पुढारी चोर आहे, तमुक ठराव मूर्खपणाचा होता, आणि मागल्या वर्षी तुम्ही माझ्या नाटकाला बक्षीस दिले नाही हा तर सर्वांत मोठा मूर्खपणा! पुलावर बसून यात्रेकरूंची टवाळी करणारे जुने लोक या भागात पुन्हा अवतरलेले दिसतात. फरक इतकाच की, आता त्यांच्यासमोर सारी नगरी बसलेली होती.

या परंपरेत मॅग्नीस, क्रॅटिनस, यूपोलिस असे नामवंत कवी होऊन गेले. एकट्या मॅग्नीसने अकरा वेळा विजय मिळविल्याची नोंद आहे. परंतु त्यांची नाटके काळाच्या उदरात गडप झाली. काही ओळी आणि नावे तेवढी उरली. जुन्या सुखात्मिकेपैकी संपूर्ण नाटके आज उपलब्ध आहेत ती फक्त ॲरिस्टोफेनीसची. सुमारे चाळीस नाटकांपैकी अकरा वाचली.

ॲरिस्टोफेनीस लिहू लागला तेव्हा तो विशीच्या आसपासचा तरुण होता आणि अथेन्स एका भीषण युद्धात सापडले होते. स्पार्टा आणि अथेन्स यांच्यातील हे युद्ध इ. स. पू. ४३१ पासून ४०४ पर्यंत, मध्ये थोडा खंड पडून, सत्तावीस वर्षे चालले. स्पार्टाचे सैन्य चालून आले की, अथेन्सभोवतीच्या खेड्यांतील शेतकरी शेते व द्राक्षमळे शत्रूच्या हाती सोडून नगराच्या तटबंदीत आश्रय घेत. त्या दाटीत साथीचा रोग शिरला आणि असंख्य माणसे दगावली. ज्या खेड्यांनी सुखात्मिकेला जन्म दिला, ती खेडी ओस पडत होती.

अशा काळात, इ. स. पू. ४२६ मध्ये, या तरुण कवीने आपल्या एका नाटकात राज्यकर्त्यांवर टीका केली. त्या वेळी क्लिऑन नावाच्या पुढाऱ्याचा नगरीत मोठा दरारा होता. वसंतोत्सवाला परराज्यांतील पाहुणे येतात, त्यांच्यादेखत या कवीने नगरीची नालस्ती केली, असा आरोप ठेवून क्लिऑनने त्याला सभेपुढे खेचले. कवी कसाबसा सुटला. एखादा घाबरून गप्प बसला असता. ॲरिस्टोफेनीसने पुढल्याच वर्षी लेनाया उत्सवात ‘अखार्नियन्स’ सादर केले. त्याचा नायक तोच आपला डिकायोपोलिस. युद्धाला कंटाळलेला हा शेतकरी आपल्या एकट्याच्या कुटुंबापुरता स्पार्टाशी तह करतो! अखार्नाई गावचे कोळसेवाले म्हातारे, ज्यांचे मळे शत्रूने उद्ध्वस्त केले आहेत, त्याला देशद्रोही म्हणून दगडांनी मारावयास धावतात. तेव्हा तो खाटकाचा ठोकळा मागवितो, त्यावर मान ठेवतो आणि शत्रूचीही काही बाजू आहे हे बोलून दाखवितो. येथे कवी आणि शेतकरी एकच होऊन जातात. हा हिवाळ्यातला उत्सव आहे, पाहुणे अजून आलेले नाहीत, आपण घरचेच आहोत, असा टोला तो जाता जाता क्लिऑनला हाणतो.

याच नाटकात एक प्रवेश असा आहे की, तो वाचताना हसावे की डोळे पुसावेत हे कळत नाही. अथेन्सने मेगाराला आपल्या बाजारपेठा बंद केल्या होत्या. तेथे उपासमार चालली होती. डिकायोपोलिसच्या खासगी बाजारात मेगाराचा एक गरीब माणूस येतो. विकावयास काहीच उरले नाही, म्हणून आपल्या दोन लहान मुलींना तो डुकराच्या पिलांचे सोंग देऊन पोत्यात घालून आणतो आणि लसूण व मीठ यांच्या बदल्यात विकून टाकतो. प्रेक्षक हसत होते. परंतु ज्या नगराची उपासमार त्यांनी स्वतः चालविली होती, त्याच नगराच्या एका बापाकडे पाहून ते हसत होते. जे मेगारा हास्याचे जन्मस्थान म्हणून मिरवीत होते, त्याची ही दशा! नाटकाला पहिले बक्षीस मिळाले.

पुढील वर्षी, इ. स. पू. ४२४ मध्ये, ‘नाइट्स’ हे नाटक आले. त्यात जनता हा एक बहिरट म्हातारा मालक आहे आणि क्लिऑन हा त्याला फसविणारा गुलाम आहे. त्याच्यावर मात करावयास त्याच्याहून निलाजरा असा एक मांसविक्या शोधून आणतात. मुखवटे करणाऱ्यांनी भीतीमुळे क्लिऑनच्या चेहऱ्याचा मुखवटा करून दिला नाही, असे त्या नाटकातच म्हटले आहे. क्लिऑनला तर नाट्यगृहात पहिल्या रांगेत बसण्याचा मान होता. परीक्षकांनी पहिले बक्षीस याही नाटकाला दिले. आणि थोड्याच दिवसांनी नागरिकांनी मते देऊन त्याच क्लिऑनला सेनापती निवडले! हास्याची शक्ती केवढी आणि मर्यादा केवढी, हे एकाच वर्षात दिसून आले.

कवींचे आपापसांतील युद्धही कमी गमतीचे नव्हते. ‘नाइट्स’मध्ये ॲरिस्टोफेनीसने वृद्ध क्रॅटिनसची कीव केली होती. हा एके काळचा सिंह आता दारूच्या आहारी जाऊन निकामी झाला, असा एकूण सूर. म्हाताऱ्याने उत्तर भांडून दिले नाही. पुढल्या वर्षी त्याने ‘सुरई’ या अर्थाच्या नावाचे नाटक आणले. त्यात सुखात्मिका ही त्याची लग्नाची बायको, आणि नवरा मद्याच्या सुरईमागे लागला म्हणून ती तक्रार करते. स्वतःवरच हसणाऱ्या या म्हाताऱ्याला इ. स. पू. ४२३ चे पहिले बक्षीस मिळाले. त्याच स्पर्धेत ॲरिस्टोफेनीसचे ‘क्लाउड्स’, म्हणजे ‘ढग’, हे नाटक तिसरे आले. दुसऱ्यावर हसणाऱ्यापेक्षा स्वतःवर हसणाऱ्याचा विनोद वरचढ ठरला.

‘ढग’ नाटकाचे नाव आले की मन थोडे खिन्न होते. त्यात ॲरिस्टोफेनीसने सॉक्रेटिसला टोपलीत बसवून हवेत लोंबकळत ठेवले आहे. देवांना न मानणारा, खोट्याचे खरे करण्याची विद्या शिकविणारा, असे त्याचे चित्र रंगविले. खरा सॉक्रेटिस असा नव्हता. चोवीस वर्षांनी, इ. स. पू. ३९९ मध्ये, तरुणांना बिघडविण्याच्या आणि नगरीचे देव न मानण्याच्या आरोपांवरून त्याच्यावर खटला भरण्यात आला. प्लेटोने लिहून ठेवलेल्या त्याच्या भाषणात तो म्हणतो की, आज समोर उभ्या असलेल्या वादींपेक्षा जुने वादी अधिक भयंकर आहेत. त्यांनी तुमच्या लहानपणापासून तुमची मने माझ्याविरुद्ध कलुषित केली. आणि त्या संदर्भात तो या नाटकाचाही उल्लेख करतो. सॉक्रेटिसला विष प्यावे लागले. त्याचा दोष एका नाटकावर लादणे अन्यायाचे होईल. तरीही थट्टेने रंगविलेले चित्र लोक कधी कधी खरे मानून बसतात आणि त्याची किंमत एखाद्या निरपराध माणसाला द्यावी लागते, ही गोष्ट विसरता येत नाही.

हास्याला लगाम घालण्याचे प्रयत्नही झाले. इ. स. पू. ४४० च्या सुमारास अथेन्सने विनोदी नाटकांवर निर्बंध घालणारा ठराव केला होता. तो तीन वर्षांतच मागे घ्यावा लागला. सत्ताधाऱ्यांस टीका बोचत होती, पण ती बंद करणे लोकांस रुचत नव्हते. उलट याच नाट्यगृहातून नगरीला हिताचा सल्लाही मिळाला. इ. स. पू. ४११ च्या ‘लिसिस्ट्राटा’ नाटकात दोन्ही पक्षांच्या स्त्रिया एकत्र येतात, तह होईपर्यंत पतींपासून दूर राहण्याची शपथ घेतात आणि टेकडीवरील खजिना ताब्यात घेतात. कारण पैसा नसेल तर युद्ध चालणार कसे? इ. स. पू. ४०५ च्या ‘बेडूक’ नाटकात डायोनायसस देव स्वतः पाताळात उतरतो आणि नगरीला शहाणपण सांगण्यासाठी एका मृत कवीला परत आणतो. याच नाटकाच्या पॅराबॅसिसमध्ये वृंदाने विनविले की, चुकलेल्या नागरिकांचे काढून घेतलेले हक्क त्यांना परत द्या. त्या सल्ल्याबद्दल नाटकाचा पुन्हा प्रयोग करण्याचा दुर्मीळ मान कवीला मिळाला, असे प्राचीन लेखक सांगतात. आरमाराचा नाश झाल्यावर त्याच वर्षी नगरीने ते हक्क खरोखरच परत दिले. परंतु फार उशीर झाला होता. इ. स. पू. ४०४ मध्ये अथेन्सने शरणागती पत्करली.

पराभवानंतर लोकशाही पुन्हा आली. पण पूर्वीचा आत्मविश्वास आणि पैसा परतला नाही. याची खूण कोठे शोधावी? ॲरिस्टोफेनीसच्या उपलब्ध नाटकांपैकी अखेरच्या दोहोंत. त्यांतील शेवटचे ‘संपत्ती’ इ. स. पू. ३८८ चे. या नाटकांतून पॅराबॅसिस नाहीसा झाला आहे. वृंदाची गाणी जाऊन काही ठिकाणी केवळ ‘वृंदाचे गीत’ एवढाच शेरा उरला आहे. पुढे येऊन बोलणारा माणूस मागे सरला. मॅसिडोनियाच्या राजांनी अथेन्सचे स्वातंत्र्य हिरावल्यानंतर तर राजकीय टीका रंगमंचावरून जवळजवळ लोपलीच.

मात्र सुखात्मिका मेली नाही. ती बाजारचौकातून घरात आली. मिनँडर हा या नव्या सुखात्मिकेचा अग्रणी. त्याने शंभराहून अधिक नाटके लिहिली. कडक बाप, प्रेमात पडलेला मुलगा, चतुर गुलाम, फुशारक्या मारणारा शिपाई, हरवलेली आणि शेवटी सापडलेली मुलगी, ही त्याची सृष्टी. इ. स. पू. ३१६ मध्ये बक्षीस मिळविणारे त्याचे ‘तुसडा’ या अर्थाच्या नावाचे नाटक शतकानुशतके हरवलेले होते. इजिप्तच्या कोरड्या भूमीत टिकून राहिलेल्या पपायरसच्या पानांवर ते सापडले आणि १९५८ साली प्रथम छापले गेले.

मिनँडरची ही पात्रे प्लॉटस व टेरेन्स या नाटककारांनी रोमला नेली. प्लॉटसच्या जुळ्या भावांवरून शेक्सपिअरने ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ रचले. त्याच्याच सोन्याचे मडके पुरून ठेवणाऱ्या कंजूष म्हाताऱ्यावरून फ्रान्समध्ये मोलिएरने १६६८ साली आपला प्रसिद्ध कृपण रंगविला. आणि मोलिएरच्या त्या कृपणावरून आचार्य अत्रे यांनी मराठीत ‘कवडीचुंबक’ हे नाटक लिहिले. मराठी नाट्यगृहात त्या कंजुषाला पाहून जे प्रेक्षक पोट धरधरून हसले, ते नकळत दोन हजार वर्षांहून जुन्या घराण्याच्या एका वंशजाला भेटत होते.

अशी ही कुळकथा. अंजिरांच्या टोपलीसाठी गाणारी खेडवळ मंडळी, पुलावर बसून थोरांचा अहंकार उतरविणारे टवाळखोर, ठोकळ्यावर मान ठेवून खरे बोलणारा शेतकरी आणि घरातील तुसड्या बापावर हसणारा मिनँडर, ही सारी एकाच घराण्यातील माणसे होत. त्यांच्या कथेतून दोन बोध निघतात, असे आम्हांस वाटते. ज्या समाजात मोठ्यांवर हसता येते, तो समाज अजून निर्भय आहे, हा पहिला. दुसरा ॲरिस्टॉटलच्या विवेचनात सापडतो. हास्यास्पद म्हणजे असा दोष किंवा असे वैगुण्य, की ज्याने कोणाला वेदना होत नाही व कोणाचा नाश होत नाही, अशा आशयाची व्याख्या त्याने केली आहे. सॉक्रेटिसची आठवण ठेवून ती वाचली म्हणजे तिचे मोल कळते.

पुढच्या संमेलनात शेलापागोटी लिहावयास बसाल, तेव्हा क्लिऑन आणि सॉक्रेटिस या दोघांनाही डोळ्यांसमोर ठेवा. ज्याच्या हाती अधिकार आहे, त्याच्यावर खुशाल हसा. तो हसत राहील तर त्याचा मोठेपणा वाढेल. ज्याला उलट उत्तर देता येत नाही, त्याच्यावर लिहिलेला कागद मात्र पेटीत टाकण्यापूर्वी एकदा फाडून टाका. आणि सर्वांत चांगले शेलापागोटे हवे असेल, तर म्हाताऱ्या क्रॅटिनससारखे ते स्वतःवरच लिहून पाहा.